परड्यातला कडा

भिंत या वस्तूचा इतिहास हा बव्हंशी अडवणुकीचा इतिहास आहे. गावकूस असो, गडाचा तट असो की वाड्याभोवतीची चिरेबंदी, बाहेरच्याने आत येऊ नये आणि आतल्याने परवानगीवाचून बाहेर जाऊ नये, एवढ्यासाठी माणसाने भिंती उभारल्या. तिच्यावर चढणारा हा चोर, शत्रू किंवा फितूर यांपैकी कोणीतरी असणार, असे तिने आधीच धरलेले असते. म्हणूनच केवळ चढण्यासाठी बांधलेली भिंत, तीही घरामागच्या परड्यात, स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या खर्चाने उभी केलेली, ही कल्पना प्रथम ऐकताना चमत्कारिक वाटते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेत गिर्यारोहकांनी अशा भिंती घरोघरी उभारल्या, आणि आता आपल्याकडच्या तरुण मुलांनाही त्यांचे आकर्षण वाटू लागले आहे. कोल्हापूरसारख्या शहरात, जिथे व्यायाम म्हटला की लाल माती, जोर-बैठका आणि कुस्ती एवढेच डोळ्यांपुढे येते, तिथे तर ही एक परदेशी हौस म्हणून सहज बाजूला सारता येईल.

आमचे म्हणणे थोडे वेगळे आहे. चढाईचा सराव उंबरठ्याजवळ आणून ठेवण्याची कल्पना या प्रदेशाला मुळीच परकी नाही. परकी आहे ती सरावाविषयी बोलण्याची सवय. मराठी वाङ्मयाने आणि लोकस्मृतीने कडे चढून जाणाऱ्यांचे पोवाडे गायिले. ते चढायला कोठे आणि कसे शिकले, याविषयी मात्र मौन बाळगले. परड्यातली भिंत आपल्यापुढे नेमका हाच प्रश्न ठेवते, आणि म्हणून साहित्याच्या विद्यार्थ्यांनीही तिच्याकडे पाहावे असे आम्हांला वाटते.

आरंभ भिंत बांधणाऱ्याच्या बाजूने करू. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेले 'आज्ञापत्र' १७१५ चे. पन्हाळ्याच्या गादीवर संभाजीराजे असताना ते सिद्ध झाले, आणि अमात्यांचे घराणे गगनबावड्याचे. म्हणजे हा ग्रंथ सर्वार्थाने कोल्हापूरचा. राजनीतीवरील मराठी गद्याचा नमुना म्हणून तो आपण शिकवतो. त्यातले दुर्गांविषयीचे प्रकरण मात्र चढणाऱ्याच्या नजरेने वाचून पाहावे. गडाला लागून दुसरे उंच ठिकाण असेल तर ते सुरुंगाने उडवावे किंवा बांधकामात घ्यावे; तटात वाढणारे झाड वरचेवर कापून काढावे; तटाचे आणि तटाखालचे गवत जाळून टाकावे; उतारावरची झाडी मात्र प्रयत्नाने राखावी, कारण ती गडाची राखण. ही सारी कलमे वरवर पाहता डागडुजीची आहेत. पण दोन चिऱ्यांमध्ये रुजलेले पिंपळाचे रोप हे बांधकामाचा शत्रू असते तसे चढणाऱ्याचे मित्रही असते. त्याच्या मुळाने फट रुंदावते, फटीत बोटे शिरतात, खोडाला दोर बांधता येतो. अमात्यांच्या लेखणीमागे ही जाण आहे. कोणत्या खाचेत हात जातो आणि कोणत्या मुळावर पाय ठरतो, हे ठाऊक असल्याखेरीज भिंत अभेद्य कशी ठेवावी हे सांगता येत नाही. या अर्थाने 'आज्ञापत्रा'तले ते प्रकरण हे चढाईचे पाठ्यपुस्तक आहे, फक्त ते उलट्या बाजूने लिहिलेले आहे.

आता चढणाऱ्याच्या बाजूला येऊ. ४ फेब्रुवारी १६७० ला सिंहगड घेतला गेला. कृष्णाजी अनंत सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीला बसून राजाराम महाराजांच्या आज्ञेने जी बखर लिहिली, तिच्यात या प्रसंगाचे वर्णन मोजक्या वाक्यांत आहे. त्याचा आशय असा की दोन निवडक मावळे रात्री कड्यावर चढवले, ते वानरासारखे चपळाईने वर गेले, त्यांनी वरून माळ सोडली, आणि मग त्या माळेने तानाजी मालुसरे यांच्यासह तीनशे माणूस चढले. माळ म्हणजे दोराची शिडी. या चार वाक्यांत चढाईची सगळी रीत आली आहे. आधी उत्तम चढणारे दोघे मोकळ्या अंगाने वर जातात, ते दोर पक्का करतात, मग बाकीचे दोराच्या आधाराने येतात. आजही कड्यावरची चढाई याच क्रमाने होते. सभासदाचे वर्णन काव्यमय नाही, पण ते जाणत्याचे आहे.

त्या दोघांची नावे सभासद देत नाही. पुढे पोवाड्यात तर ते दोघे पुरतेच नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी घोरपड येते. तुळशीदास शाहिराचा तानाजीचा पोवाडा ॲकवर्थ आणि शाळिग्राम यांच्या संग्रहामुळे छापील रूपात आला आणि यशवंती घोरपड मराठी मनात कायमची चिकटली. तिच्या कमरेला सोल बांधायचा, ती कड्याला नख्या रोवून बसणार, आणि तिच्या भरवशावर माणसे वर जाणार. ती अर्ध्या वाटेवरून मागे फिरते, तेव्हा तानाजी तिला दमात घेतो. नाट्य म्हणून हे बिनतोड आहे, आणि शाहिराला त्यासाठी कोणी दोष देणार नाही. पण या नाट्याची किंमत काय, हे पाहिले पाहिजे. जे कौशल्य दोन माणसांच्या बोटांत आणि पोटऱ्यांत होते, ते एका सरपटणाऱ्या प्राण्याच्या नख्यांत गेले. शिकून मिळवलेली गोष्ट उपजत ठरली. माणसाला चढता येते ही साधी गोष्ट गाणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला पुरेशी वाटली नाही.

ही कल्पना तुळशीदासाचीच होती असेही नाही. मुधोळच्या घोरपडे घराण्याची परंपरा सांगते की १४७१ च्या सुमारास, बहमनी वजीर महमूद गावान याच्या स्वारीत, त्यांच्या पूर्वजांनी खेळणा किल्ला घोरपडीच्या साहाय्याने चढून घेतला आणि त्यावरून त्यांना घोरपडे हा किताब मिळाला. खेळणा म्हणजे आजच्या कोल्हापूर जिल्ह्यातला विशाळगड. कापशीकर घोरपड्यांमुळे आणि त्यांच्या आश्रयाने वाढून तेच नाव घेणाऱ्या इचलकरंजीकरांमुळे हे आडनाव या जिल्ह्याच्या इतिहासात खोल रुतलेले आहे. म्हणजे चढाईचा पराक्रम एका घराण्याच्या नावात उरला, तोही प्राण्याचे नाव घेऊन. एखाद्या समाजाची स्मृती कौशल्याकडे कशी पाहते याचा हा बोलका पुरावा आहे.

पन्हाळ्याच्या बाबतीत स्मृतीने निराळी वाट धरली. ६ मार्च १६७३ च्या रात्री कोंडाजी फर्जंद साठ माणसांनिशी पन्हाळ्यावर चढला, वर शिंगे फुंकली, किल्लेदार मारला गेला आणि गड हाती आला. जयराम पिंड्ये याने त्यावर 'पर्णालपर्वतग्रहणाख्यान' हे संस्कृत काव्य रचले. घटना ताजी असतानाच तिचे महाकाव्याच्या भाषेत रूपांतर झाले. इथे घोरपड नाही. पण संस्कृत वीरकाव्याचे स्वतःचे संकेत असतात. त्यात सेनानी असतो, त्याची प्रतिज्ञा असते, शत्रूची दैना असते. अंधारात ओल्या दगडावर पाय कसा टेकवावा हे सांगायला त्या वृत्तांत जागा नसते. पोवाड्याने चढाई प्राण्याला दिली, काव्याने ती स्वामिनिष्ठेला दिली.

तिसरी कथा हिरकणीची. गडाखालच्या गावातली गवळण दूध घालायला रायगडावर जाते, दरवाजे बंद होतात, घरी तान्हे मूल असते, आणि ती रात्री कडा उतरून जाते. उतरण्याचे काम चढण्याहून अवघड, कारण पाय कोठे पडणार ते दिसत नाही. हे डोंगरातल्या कोणत्याही माणसाला ठाऊक असते. मग हिरकणीला ते जमले कसे? कथा सांगते, मातृप्रेमाने. ते खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. पण डोंगराच्या पायथ्याला राहणारी, रोज दुधाचे ओझे घेऊन गड चढणारी-उतरणारी, गुरांमागे कडेकपारी हिंडलेली बाई ही मातृप्रेमाच्या आधी एक अत्यंत सरावलेले शरीर होती, हेही खरे असणार. कथेने तिचे काळीज जपले आणि तिचे पाय विसरून टाकले. घोरपड, स्वामिनिष्ठा आणि वात्सल्य या तिन्ही उत्तरांत एक गोष्ट समान आहे. ती सर्व 'कशाच्या बळावर' या प्रश्नाची उत्तरे आहेत. 'कशाच्या सवयीने' हा प्रश्न कोणी विचारलेलाच नाही.

याला एक सन्माननीय अपवाद आहे, आणि तो म्हणजे मल्लखांब. बाराव्या शतकातल्या सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'त मल्लांच्या व्यायामाबरोबर खांबावरच्या कसरतीचा उल्लेख येतो. पण आजच्या मल्लखांबाची परंपरा दुसऱ्या बाजीरावाच्या काळातल्या बाळंभटदादा देवधरांपाशी पोचते. निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब नावाचे दोन मल्ल आले, त्यांच्यापुढे कोणी उभे राहीना, तरुण बाळंभटाने आव्हान स्वीकारले, तो वणीच्या सप्तशृंगीला गेला, आणि तिथे दृष्टांताने किंवा झाडावर खेळणाऱ्या वानरांच्या निरीक्षणाने त्याला ही विद्या सुचली, असे परंपरा सांगते. दंतकथेचे सगळे गुण हिच्यात आहेत. देवी आहे, वानर आहे. पण ही कथा पराक्रमापाशी थांबत नाही. ती एका वस्तूपाशी येऊन थांबते. झाडाचा खांब झाला, तो घासून गुळगुळीत झाला, जमिनीत पुरला गेला, आणि जे देवीने एकाला दिले असे म्हणतात ते कोणालाही रोज सकाळी करता येऊ लागले. आमच्या मते मराठी लोकस्मृतीत सरावाला स्वतःची कथा लाभली ती बहुधा इथेच.

मल्लखांबाची घडण पाहण्याजोगी आहे. सागवान किंवा शिसवीचा खांब, वर निमुळता होत जाणारा. खालचा जाड भाग ते अंग, वरचा बारीक भाग ती मान आणि माथ्यावरचे बोंड. जमिनीच्या वर त्याची उंची साधारण अडीच ते पावणेतीन मीटर. ही उंची सहज आलेली नाही. एवढ्यावरून माणूस खाली आला तर तो सावरतो, पुन्हा चढतो. आणि पुन्हा चढता येणे हाच सरावाचा अर्थ आहे. खांबाला एरंडेल लावतात, म्हणजे घर्षण कमी होते आणि पकड शरीराच्या बळातून शोधावी लागते. अढी, तेढी, बगली, दसरंग, सुईदोरा, वेल, फरारा ही त्यातल्या उड्यांची आणि पकडींची नावे. एवढी नेमकी, एवढी देशी आणि एवढी समृद्ध परिभाषा मराठीत फार थोड्या शारीर विद्यांना लाभली आहे. बडोद्याहून दत्तात्रेय चिंतामण मुजुमदार यांनी संपादित केलेला दहा खंडांचा 'व्यायामज्ञानकोश' पाहिला म्हणजे मराठी गद्य शरीराविषयी किती काटेकोर होऊ शकते याचा प्रत्यय येतो. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात मात्र या कोशाची जागा तळटीपेपुरतीच राहिली आहे.

कोल्हापुरात हा सराव गडावरून पेठेत कसा आला, हे समजून घेण्यासाठी १८४४ चे साल ध्यानात ठेवावे. गडकरी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या गडाची राखण करणारे आणि त्याबदल्यात जमिनी खाणारे लोक. दाजी कृष्ण पंडितांच्या कारभारात या जुन्या हक्कांना धक्का लागला आणि सामानगड, भुदरगड, पन्हाळा इथे उठाव झाला. इंग्रजांनी तो मोडला आणि त्यानंतर गडांची तटबंदी व दरवाजे पाडले. पन्हाळ्याचा चार दरवाजा तेव्हाच गेला. ज्यांचा कड्याशी पोटाचा संबंध होता त्यांचा तो संबंध तुटला. पुढे १८९४ नंतर शाहू महाराजांच्या काळात कुस्तीला जो आश्रय मिळाला आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे राहिले, त्याचा गडकऱ्यांशी थेट धागा जोडण्याचा आमचा इरादा नाही. पण एवढे म्हणता येईल की ज्या शतकात गड निकामी झाले, त्याच शतकाच्या शेवटी शरीर घडवण्याची जागा म्हणून पेठेतली तालीम कोल्हापूरच्या केंद्रस्थानी आली. तालीम म्हणजे मुद्दाम घडवलेली भूमी. ताक, हळद, तेल, लिंबू घालून मळलेली तांबडी माती ही शेतातली माती राहत नाही. पडण्यासाठी आणि पुन्हा उठण्यासाठी तयार केलेले ते एक साधन होते. नैसर्गिक वस्तू उचलून, तिचा धोका काढून, तिचा गुण राखून ती घराजवळ मांडायची, ही रीत कोल्हापूरला हौदातल्या मातीने शिकवलेली आहे.

आता परदेशातल्या भिंतीकडे वळू. १९६४ मध्ये इंग्लंडातल्या लीड्स विद्यापीठात शारीरिक शिक्षणाचे अध्यापक डॉन रॉबिन्सन यांनी एका बोळातल्या विटांच्या भिंतीतून काही विटा काढल्या आणि त्या जागी खऱ्या खडकाचे तुकडे बसवले. खर्च थोडा, जागा अडगळीची. याच भिंतीवर शिकलेल्या जॉन सिरेट या विद्यार्थ्याने १९७० मध्ये आल्म्सक्लिफच्या कड्यावर 'वॉल ऑफ हॉरर्स' ही अत्यंत धास्तीची मानली गेलेली वाट चढून दाखवली, तेव्हा जुन्या गिर्यारोहकांना मोठा धक्का बसला. बोळात शिकलेला मुलगा कडा चढतो, म्हणजे कौशल्य डोंगराच्या हवेत नसून पुनरावृत्तीत आहे, हे मान्य करावे लागले. पुढे १९८८ मध्ये न्युरेंबर्गच्या एका व्यायामशाळेत वोल्फगांग ग्युलिख याने तिरप्या फळीवर लाकडी पट्ट्या ठोकल्या आणि केवळ बोटांवर लोंबकळत वर जाण्याचा सराव चालवला. १९९१ मध्ये त्याने फ्रँकन युराच्या खडकावरची 'अ‍ॅक्सिऑन डिरेक्ट' ही वाट चढली, ती त्या काळी जगातली सर्वांत अवघड वाट होती. ठोकलेल्या पट्ट्या आणि तिरपी फळी, यापलीकडे त्या साधनात काही नव्हते. घरामागे, गॅरेजमध्ये, तळघरात भिंती उभारणाऱ्या हजारो लोकांना हिंमत दिली ती अशा उदाहरणांनी. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकात या खेळाला प्रथमच स्थान मिळाले. महाराष्ट्रात १९५४ पासून काम करणाऱ्या मुंबईच्या 'गिरिविहार'ने २०१६ मध्ये नवी मुंबईत बोल्डरिंगची विश्वचषक स्पर्धा भरवली, तेव्हा हा खेळ आपल्या दारात आला.

लीड्सची भिंत वाचताना आम्हांला दक्षिण महाराष्ट्रातली बांधीव विहीर आठवते. घडीव दगडांच्या थरांतून ठरावीक अंतराने बाहेर काढलेले लांब दगड, एकेक पाऊल मावेल एवढे. त्यांवरून माणसे पाण्याशी जातात आणि वर येतात. पोहायला उतरलेली पोरे हे दगड टाळून मुद्दाम मधल्या सांध्यांत बोटे घालून वर येतात, एकमेकांशी पैजा लावतात. खाली पाणी असल्याने पडण्याचे भय नसते. घराजवळची, हाताने बांधलेली, उघड्यावरची आणि पडले तरी चालेल अशी ही चढाईची भिंत गावोगाव होती; फक्त तिला ते नाव नव्हते. सभासदाच्या त्या दोन निनावी मावळ्यांचे शिक्षण अशाच ठिकाणी झाले असेल, अशी कल्पना करायला हरकत नसावी.

कोल्हापुरात परड्यात अशी भिंत उभी करायची झाली तर काय लागेल? उंची मल्लखांबाहून थोडी जास्त, तीन ते साडेतीन मीटर. त्याहून उंच झाली की दोराची गरज पडते आणि मामला बदलतो. भिंत सरळ उभी न ठेवता चढणाऱ्याच्या अंगावर वीस-तीस अंश कललेली ठेवली, तर थोड्या उंचीत पुष्कळ मेहनत होते. सांगाडा लोखंडी अँगलचा. तो करून देणारे कारागीर शिवाजी उद्यमनगरात कमी नाहीत. त्याचे पाय काँक्रीटमध्ये पुरायचे आणि घराच्या भिंतीचा आधार घ्यायचा नाही, कारण उडी मारून पकडलेल्या खुंटीवर येणारा हिसका माणसाच्या वजनाहून कितीतरी मोठा असतो. सांगाड्यावर अठरा मिलिमीटर जाडीचा, पाण्यात टिकणारा प्लायवूड. त्याला वीतभर अंतराने छिद्रे, प्रत्येक छिद्रामागे टी-नट, आणि पुढून बोल्टने आवळलेल्या पकडी. पकडी विकत मिळतात, पण सागवानाचे किंवा आंब्याचे तुकडे कानस मारून, कडा गोल करूनही उत्तम होतात. लाकडाने बोटांची सालटी कमी निघतात. खाली जाड गादी, आणि गादीखाली दगड नसलेली मऊ जमीन.

खरी अडचण पावसाची. जून ते सप्टेंबर कोल्हापूरचा पाऊस प्लायवूडच्या कडांतून आत शिरतो, थर सुटतात, टी-नट गंजतात आणि बोल्ट फिरेनासा होतो. म्हणून कडांना रंगाचे दोन-तीन हात, वर पत्र्याची पुढे आलेली पडवी आणि पावसाळ्यात पकडी काढून ठेवणे, एवढे पथ्य पाळावे लागते. दुसरा मार्ग म्हणजे लाकूड सोडून दगडाकडे जाणे. जांभा खरखरीत असतो पण त्याचे कण सुटतात. काळा पाषाण टिकाऊ आणि पावसाला न जुमानणारा. त्याचे निवडक तुकडे विटांच्या किंवा चिऱ्यांच्या पक्क्या भिंतीत पुढे काढून बसवले, तर तीच विहिरीची भिंत जमिनीच्या वर येते. तिथे पकडी बदलता येत नाहीत ही उणीव आहे, पण चढणारा वाटा बदलू शकतो. हा दगड वगळायचा, तो पाय घ्यायचा नाही, अशी बंधने स्वतःला घालून एकाच भिंतीवर वर्षभर नवे काही सापडत राहते. एकच छंद पत्करून त्यात हजार ओव्या रचणाऱ्या परंपरेला हे वेगळे समजावून सांगायला नको.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की कड्याचा अर्थ त्याच्या धोक्यात, वाऱ्यात, अनोळखीपणात आहे. तो परड्यात आणला की उरते ती कसरत. हा आक्षेप पोकळ नाही. बंद भिंतीवर तयार झालेल्याला दगड सुटेल का, मधमाश्या उठतील का, उतरायची वाट कोठे, हे काहीच कळत नाही, आणि डोंगर तेच विचारतो. पण तालमीतला सराव म्हणजे मैदानातली कुस्ती नव्हे, हे कोल्हापूरने कधीच नाकारलेले नाही. म्हणून कोणी तालीम बंद केली नाही. सराव हा पराक्रमाचा पर्याय नसतो. तो नसेल तर मात्र पराक्रमाला घोरपड शोधावी लागते.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. परडे कोणाकडे असते? एकेकाळी गडाखाली चढाई हे पोटाचे काम होते. मध काढणारा, गुरांमागे फिरणारा, दूध घालणारी, राखणीला बसणारा हे सारे त्यात निष्णात होते आणि त्यांच्या कौशल्याला कोणी कौशल्य म्हटले नाही. आज तीच गोष्ट मोकळी जागा आणि हाताशी पैसा असलेल्यांची हौस होऊन परत येते, तेव्हा तिला नाव मिळते, गुण मिळतात, पदके मिळतात. हे वास्तव डोळ्यांआड करून भिंतीचे कौतुक करता येणार नाही. मात्र त्याबरोबर हेही पाहावे की तालमीची दारे बायकांना बंद होती. मुलींसाठी दोरीच्या मल्लखांबाची वाट निघाली, ती पुष्कळ पुढे गेली, तरी पेठेतला हौद पुरुषांचाच राहिला. परडे मात्र पूर्वापार बायकांच्या वावराची जागा. धुणे, न्हाणे, गोठा, शेणी, तुळस हे सगळे तिथे. त्या जागेत उभ्या राहिलेल्या भिंतीवर घरातली मुलगी चढायला लागली, तर तिला तालमीच्या वस्तादाची परवानगी मागावी लागत नाही. हिरकणीला तिचे पाय परत द्यायचे असतील, तर ते अशाच कोठल्यातरी जागी द्यावे लागतील.

भाषेचा एक मुद्दा शेवटी मांडतो. आज भिंतीवर चढणारी मुले होल्ड, ग्रिप, बीले, बोल्डर या शब्दांत बोलतात. त्यात गैर काही नाही. खेळ ज्या भाषेतून येतो तिचे शब्द आणतोच. पण ज्या भाषेत कडा, कपार, खाच, खोबण, घळ, नाळ, सुळका, दरड असे दगडाचे बारकावे टिपणारे शब्द आहेत, आणि ज्या भाषेत मल्लखांबाच्या एकेका पकडीला वेगळे नाव आहे, त्या भाषेला चढाईविषयी बोलता येत नाही असे कोण म्हणेल? तिच्याकडे शब्द आहेत. तिने आजवर ते दगडासाठी आणि खांबासाठी वेगवेगळे वापरले, चढणाऱ्या माणसासाठी एकत्र केले नाहीत, इतकेच. सभासदाच्या बखरीतल्या त्या चार वाक्यांकडे पुन्हा पाहिले तर हे काम कसे करावे याचा धडा तिथेच मिळतो. कोणी आधी चढले, दोर कोणी पक्का केला, मग किती आले, हे त्याने क्रमाने सांगितले. अलंकार कमी पडले म्हणून त्याचे वाक्य उणे झाले नाही.

वर्गात तानाजीचा पोवाडा शिकवताना घोरपड काढून टाकावी, असे आमचे म्हणणे नाही. ती पोवाड्याचा प्राण आहे. तिच्या शेजारी सभासदाचे ते दोघे मावळे उभे करावेत, एवढेच. त्यांची नावे आपल्यापर्यंत आली नाहीत. पण कोणत्याही परड्यात, संध्याकाळच्या उजेडात, तिसऱ्यांदा त्याच पकडीवरून घसरून पुन्हा भिंतीपाशी जाऊन उभे राहणारे पोर पाहिले म्हणजे त्यांचे काम काय होते ते कळते.